जिभेचे वाफे

"गिळू नका! मास्तर, गिळू नका म्हंतोय न्हवं मी!"

मी वाफ्यात उभा. पायाला चिखल, हातात मुळ्याचा पाला आणि तोंडात अर्धा मुळा. समोर पालथ्या क्रेटवर मालक बसलेले. नाकातून एक बारीक नळी निघून कानामागे चिकटपट्टीने डकवलेली, गळ्याची कातडी जास्त भाजलेल्या पापडासारखी काळवंडलेली, आणि आवाज असा की पुढच्या रस्त्यावरून सांगलीला निघालेल्या एसटीच्या ड्रायव्हरने, आपल्यालाच कुणी हात केला समजून, ब्रेक मारावा.

"आता सांगा. कसा लागतोय?"

"चांगला आहे."

"चांगला? चांगली तर माझी म्हस बी हाय. मुळा कसा लागतोय ते सांगा."

"तिखट."

"मिरचीगत?"

"नाही. म्हणजे नाकात जातो."

"कवा जातोय? चावल्या चावल्या, का मागनं?"

मी विचार केला. मुळा खाताना विचार करायची ती माझी पहिलीच वेळ होती. "मागनं," मी म्हणालो.

"हां!" मालकांनी डोळे मिटले. "मागनं. पयलं पाणी सुटतंय, मग जरासा गोडूस, आन मग नाकात. बराबर. चावा अजून. आता गिळा."

मी गिळला. मालकांनीही गिळल्यासारखं केलं. त्यांच्या पोटात त्या दिवशी नळीतून गेलेलं डाळीचं पाणी तेवढं होतं.

डॉक्टरांनी त्यांना कमी बोलायला सांगितलं होतं. हळू बोला, असं काही सांगितलं नव्हतं. आणि डॉक्टरांनी जे सांगितलं नाही ते पाळायचं नाही, हे मालकांचं धोरण होतं. जे सांगितलं त्याचंही फार वेगळं नव्हतं.

आष्ट्यात मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. हायस्कूलमध्ये गणित शिकवायचो. ते माझे घरमालक, म्हणून मी त्यांना मालक म्हणे; पण गल्लीतली ज्यांची स्वतःची घरं होती तीही माणसं त्यांना मालकच म्हणत. उसाचं रान, गोठ्यात म्हशी, दारात ट्रॅक्टर. पण या माणसाची खरी इस्टेट रानात नव्हती, तोंडात होती. मालकांची जीभ ही आष्ट्याची सार्वजनिक मालमत्ता होती.

आमच्या त्या भागात लग्नाची आमटी उकळली की आचारी पहिली पळी उचलून गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडे नेतो. तो तळहातावर घेतो, चाखतो, "व्हय" म्हणतो, मगच पंगत बसते. आष्ट्यात आणि आसपास हा मान मालकांचा. लग्नाची तारीख भटजी काढत असतील, पण मालक कुठे बाहेरगावी नाहीत ना, हे पाहून मगच ती पक्की होई. वांग्याचा एक घास घेऊन ते सांगत, "हे वांगं नदीच्या अलीकडचं न्हवं." चहाचा घोट घेऊन म्हणत, "म्हशीला काल उसाचं वाडं न्हाई, कडबा घातलाय." एकदा कोरेगावला त्यांच्यासमोर रश्श्याची तीन पातेली ठेवली होती. तिन्ही चाखून ते म्हणाले, "मधल्यात मीठ दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं पडलंय." आचारी जागच्या जागी खाली बसला. मधल्या पातेल्यात त्याच्या मेहुण्याने मीठ घातलं होतं.

लांबच्या लग्नांतून व्हिडिओ कॉल येत. आचारी मोबाइल पातेल्यावर धरी, आणि मालक काचेवरचा तवंग बघून ओसरीतून ओरडत, "कोथमीर शिळी हाय गड्या!" हे मी स्वतः पाहिलेलं आहे, त्यामुळे यातली अतिशयोक्ती फार तर निम्मी धरावी.

घरी मात्र या जिभेचा ताप काकूंना. काकू म्हणजे मालकीणबाई. लग्न झाल्यापासून प्रत्येक जेवणाला त्यांना निकाल ऐकावा लागे. "जिरं करपलं." "लसूण कालची." "आज भाकरी थापताना तुजं ध्यान कुठं हुतं?" काकू पुढची भाकरी वाढत. आमटीत मीठ किती घालायचं एवढ्यावर मात्र मालकांनी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. "मिठाचा हात तेवढा देवानं दिलाय हिला," असं ते मला सांगत. काकूंना सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

गाठ निघाली ती नेमकी जिभेच्या मुळाशी. तंबाखू होतीच. घास अडकतोय, कानात ठणका लागतोय, असं होता होता सांगलीच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. निकाल आला तेव्हा डॉक्टरांसमोर मालक, त्यांचा फौजेतून सुभेदार होऊन परतलेला धाकटा भाऊ आणि मी, असे तिघं होतो. डॉक्टर सभ्य माणूस. त्यांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली : कापाकापी करायची नाही, लाईट द्यायची, म्हणजे किरणांचा शेक, सोबत सलाईनमधून औषध, गाठ बहुतेक विरघळेल, जिवाला...

"जिवाचं तुमी बगा," मालक म्हणाले. "जिबंचं काय ते सांगा."

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "चव जाईल. बहुतेकांची परत येते. कुणाची काही महिन्यांत, कुणाची वर्ष-दीड वर्षाने. काहींची पूर्ण येत नाही. खात्री देता येत नाही."

सुभेदार रुमालाने डोळे पुसत होते, कारण त्यांनी 'कॅन्सर' हा शब्द ऐकला होता. मालकांनी 'खात्री देता येत नाही' एवढंच ऐकलं. परत येताना गाडीत ते गप्प. एवढा वेळ गप्प बसलेले ते मी प्रथमच पाहत होतो, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. आष्ट्याची कमान दिसल्यावर बोलले. "जीभ झोपणार म्हंत्यात. मग तिला उठवायला कोण तरी पायजे का नको?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरामागचा ऊस तोडायला घेतला.

इथे उसाचा बागायतदार म्हणजे काय ते जरा सांगायला हवं. हा माणूस मेथीची पेंडी आठवड्याच्या बाजारात घेतो. भाजी लावणं म्हणजे ज्याला ऊस लावता येत नाही त्याचा उद्योग, असं त्याचं मनापासूनचं मत असतं. आणि इथे मालक अजून कारखान्याला जायचा उभा ऊस भिंतीलगतच्या सऱ्यांतून कोयत्याने आडवा करत होते.

"दादा!" सुभेदार ओरडत आले. "उभा ऊस तोडून मेथी लावतूस? लोकं काय म्हंतील?"

"म्हंतील, ह्येच्या जिबंला कायतरी झालंय."

"मग?"

"मग झालंयच की."

वाफे चवीनुसार पाडले. कडू वाफ्यात मेथी, आणि त्यावर मांडव टाकून कारली. आंबट वाफ्यात चुका आणि अंबाडी. तिखटात मुळा आणि मिरची. गोडात गाजर आणि बीट. काकडीचा वेल कुणी न लावता कुंपणाजवळ उगवला, त्याला चव ठरली नाही म्हणून वाफाही मिळाला नाही. औषध चढवलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, त्या काळात मातीत हात घालायचा नाही, अशी दवाखान्याची ताकीद होती. एरवीही हातमोजे हवेत. सुभेदारांनी कोपरापर्यंत येणारे हिरवे रबरी हातमोजे आणले. ते घालून मालक वाफ्यात वाकले की जनावरांचा डॉक्टर अवघड बाळंतपणाला आल्यासारखा दिसे.

ज्या आठवड्यात मातीला हात लावायची बंदी, त्या आठवड्यात ते क्रेटवर बसून आमच्याकडून काम करून घेत. सुभेदारांनी आयुष्यभर जवानांच्या रांगा लावलेल्या. ते खुंट्या ठोकून, दोरी ताणून बी पेरत. त्यांची मेथी सावधानमध्ये उगवली. माझी जरा मोकळी उगवली. "ही काय शाळा सुटलीया व्हय?" मालक ओरडले.

लाईट घेण्याचे ते दिवस सोपे नव्हते. रोज सांगलीला जायचं, तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून टेबलाला खिळून पडायचं, परत यायचं. तोंडात फोड. थुंकी गिळायची तरी डोळ्यांत पाणी. नंतर नळीच घातली. घरात फोडणी पडली की मालकांना ओकारी येई. ज्या माणसाने जन्मभर फोडणीवर भाषणं दिली त्याच्या बायकोला आता फोडणी गोठ्यात जाऊन घालावी लागे. पण ओल्या मातीच्या वासाने त्यांना कधी मळमळलं नाही. पुदिन्याच्याही नाही. म्हणून गाडीतून उतरले की ते घरात न जाता थेट मागे जात. कारल्याच्या मांडवाखाली खाट टाकली होती, तिच्यावर पडत. औषधाने गळून गेलेला माणूस, पिळलेल्या धोतरासारखा. तासाभराने मात्र त्याच खाटेवरून हाक येई, "मास्तर, त्या चुक्याला पाणी कोण देणार, तुमचा आज्जा?"

"इथं बरं वाटतं का?" मी एकदा विचारलं.

"दवाखान्यात समदी मला आडवं करून बगत्यात," ते म्हणाले. "हितं मी बगतोय. हितं पेशंट ही मेथी हाय."

मेथी उगवताना ते खाटेवरून मान खाली लोंबकळवून बघत बसत. पावसात बसलेली, वरून खपली धरलेली माती ती कोवळी पानं डोक्यावर घेऊन वर येतात. "बगा बगा, ढेकूळ घेऊन आली डोक्यावर! केवढीशी हाय आन केवढं उचललंय!" त्यांचा चेहरा असा होई की जणू मेथी उगवते हे जगात पहिल्यांदा त्यांनाच कळलं. मी हसायचो. मग मीही खाटेच्या दुसऱ्या बाजूने मान लोंबकळवली, आणि सांगायला हरकत नाही, ते खरोखरच बघण्यासारखं असतं. शाळेतून आल्यावर मी चहाच्या आधी वाफ्यात जायला लागलो.

शेवटची लाईट झाली तेव्हा दवाखान्याने तो जाळीचा मुखवटा मालकांना देऊन टाकला. तो त्यांच्याच तोंडावर बसवून केलेला, दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही. लोक तो घरी आणून माळ्यावर टाकतात. मालकांनी बुजगावण्याला लावला. नाक तेच, हनुवटी तीच, कपाळ तेच. खाली जुना सदरा, वर त्यांची तिरकी टोपी. पाखरं त्या वाफ्याकडे फिरकेनात. कुंपणापलीकडून जाणारी माणसं बुजगावण्याला रामराम घालत आणि उत्तर आलं नाही म्हणून रागावून जात. "लाईट घेतल्यापासनं मालकाला लय गर्व झालाय," असं एकाने मलाच सांगितलं. एका पाहुण्याने तर त्याच्याशी पाव तास सोयरीक जुळवायची बोलणी केली. पाव तास म्हणजे माझ्या हिशेबाने. तो माणूस नंतर शपथेवर दोनच मिनिटं म्हणत होता.

नळी निघाली. पेज, मऊ भात, पातळ आमटी सुरू झाली. आणि जिभेवर काहीही नव्हतं. काहीच नाही. "ओला पुठ्ठा," मालक म्हणाले. "समदं ओला पुठ्ठा."

मग रोज सकाळची परेड सुरू झाली. मालक प्रत्येक वाफ्यासमोर उभे राहत, एक पान खुडून धुऊन जिभेवर ठेवत, डोळे मिटत, मान हलवत. तोंड सतत कोरडं, म्हणून खांद्याला अडकवलेल्या बाटलीतून घोट घेत आणि पुढच्या वाफ्याकडे जात. मेथी, पुठ्ठा. चुका, पुठ्ठा. मिरचीने तोंड नुसतं भाजे. "इस्तू हाय, सैपाक न्हाई," असा त्यांनी निकाल दिला आणि मिरचीवर फुली मारली.

म्हणून नळी असतानाच उसनी घेतलेली माझी जीभ चालूच राहिली. ते खुडत, मी खात असे आणि वर्णन करी. 'छान', 'मस्त', 'कडक' या शब्दांना बंदी होती. चुका आंबट म्हटलं तर, "चिंचंगत का दह्यागत? दातावर बसतोय का गालात?" गाजर गोड म्हटलं तर, "गुळागत? मग गूळच खावा की मास्तर, गाजर कशाला खाताय?" मी सुधारत गेलो. एक दिवस मी म्हणालो, "ही कोवळी मेथी आधी कडू लागत नाही, मालक. गिळल्यावर लागते. पाहुणा गेल्यावर त्याचं बोलणं लागावं तशी." मालक माझ्याकडे बघत राहिले. मग सुभेदारांना हाक मारून म्हणाले, "मास्तर आता खायला शिकलं." एवढी मोठी पदवी मला विद्यापीठाने दिली नव्हती.

बरेच महिने असे गेले. मग एका सकाळी गाजराच्या वाफ्यातून आरोळी आली.

"गोड! गोड लागलं! आलं गड्या, आलं!"

सुभेदार अर्धी दाढी करून धावत आले. गल्ली गोळा झाली. कुणीतरी पेढे आणले, कुणीतरी स्टेटसला फोटो टाकला. मालक गाजर हातात नाचवत होते. काकू आतून आल्या, त्यांच्या हातात दोन पेले. एकात साखरेचं पाणी, एकात साधं.

"डोळं झाका," त्या म्हणाल्या. "कुटलं गोड, सांगा."

मालकांनी दोन्ही चाखले. पुन्हा चाखले. पहिल्याकडे बोट दाखवलं. तो साधा होता.

गोड गाजर आठवत होतं, लागत नव्हतं. मालक पाणी द्यायला गेले आणि दिवसभर पाणीच देत राहिले, इतकं की बीट सडलं. गल्लीने पेढे खाल्ले, कारण ते आणलेले होते.

त्यानंतर ते चवीचं नाव काढेनात. पण आचारी अजून पळी आणत होते. त्यांना काय माहीत! आणि मालक "माझी जीभ गेली" असं म्हणायला तयार नव्हते. घरचे आणि गल्ली सोडून कुणाला ते माहीत नव्हतं. लोकांना वाटे, आजार गेला म्हणजे सगळं जागेवर आलं. वासावर आणि वाफेवर त्यांनी दोन-तीन लग्नं निभावली. मग शिराळ्याचं लग्न आलं. मालकांच्या नात्यातलं, मोठं, दोन्हीकडून ऊसवाले.

"मास्तर, तुमी माज्या शेजारी हुबं ऱ्हायाचं," त्यांनी योजना सांगितली. "आचाऱ्याला म्हणायचं, मास्तर शिकाय लागल्यात. दोघांच्या हातावर आमटी घालंल. मीठ कमी लागलं तर कान खाजवा. बराबर असलं तर वर मांडवाकडं बगा."

योजनेत दोष नव्हता. दोष भूगोलात होता. मी मूळचा आटपाडीच्या बाजूचा. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आणि आमच्या विहिरीचं पाणी असं खारं की पाहुण्याला तांब्या दिला तर तो म्हणे, लिंबू पण पिळा की जरा. त्या पाण्यावर वाढलेली माझी जीभ. मुळ्याचं वर्णन ती करू शकत होती, पण मिठाचा काटा तिचा आमच्या विहिरीवर लावलेला. मालकांना चव येत असती तर माझ्या ताटातलं चाखून त्यांना हे कधीच कळलं असतं.

आचाऱ्याने पळी आणली. मी चाखली. अळणी वाटली. मी कान खाजवला.

"मीठ वाढीव," मालक म्हणाले.

आचारी जरा घुटमळला, पण मालकांचा शब्द. त्याने मीठ घातलं, पळी परत आणली. मी चाखली. बरी होती, पण अजून वाव होता. मी कान खाजवला.

"अजून."

पंगत बसली. पहिला घास गेला आणि अख्खी पंगत एकदम पाण्याच्या जगांकडे वळली. जग संपले. टाकी संपली. वऱ्हाडाने त्या दुपारी वारणेचं निम्मं पाणी प्यायलं असेल. नवरदेवाचा चुलता उठला आणि त्याने आचाऱ्याला मांडवाच्या मध्यभागी उभं केलं. "मीठ फुकट मिळालं व्हय रं? माणसं जेवाय बोलावलीस का म्हसरं चाटाय बोलावलीस?"

आचारी मान खाली घालून उभा. मालकांचं नाव त्याने घेतलं नाही. एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही.

स्टेजवर एक जण माईक घेऊन आहेराची नावं वाचत होता. मालक उठले, वर चढले, त्याच्या हातातून माईक घेतला. त्यांना माईक लागत नव्हता, पण घेतला.

"आचाऱ्याला कुणी बोलू नका," ते म्हणाले. "मीठ म्या सांगितलं. माज्या जिबंला चव न्हाई. लाईट घेतल्यापासनं न्हाई. पेढा आन कारलं मला एकच हाय. हितनं फुडं पळी माज्याकडं आणू नका."

माझ्या कानाचा त्यांनी उल्लेख केला नाही. माईक परत दिला, घोटभर पाणी प्यायले आणि खाली उतरले. माईकवाला गोंधळून "धन्यवाद" म्हणाला आणि पुढचं नाव वाचायला लागला.

पळ्या बंद झाल्या. व्हिडिओ कॉल बंद झाले. मला वाटलं, आता वाफेही मोडतील आणि तिथे ऊस परत येईल. पण मालकांनी उलट आणखी दोन सऱ्या तोडल्या.

"आता कशाला?" सुभेदारांनी विचारलं.

"जिबंसाठी न्हाई. मला सकाळी उठून कायतरी बगायला लागतंय."

तपासणीला सांगलीला जाताना ते टोपलीभर भाजी नेत. गाठ विरघळलेली होती. डॉक्टर फोटो समोर धरून म्हणत, "स्वच्छ आहे." मालक म्हणत, "ते बरं झालं. आन चव?" डॉक्टर म्हणत, "वाट बघू." मग मालक बाहेर येऊन बाकावर रांगेत बसलेल्या माणसांत भाजी वाटत. ज्यांच्या नाकात नळी, त्यांना भाजी न देता बियांची पुडी देत. "खायचं नंतर बगू. खोक्यात माती घाल, आन ह्ये टाक. मोजं घालून! चार-पाच दिसांत डोस्क्यावर ढेकूळ घेऊन येतंय बग." फरशीवर माती सांडते म्हणून तिथल्या नर्स त्यांच्यावर ओरडत. मालक त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडत. बाकावरची माणसं तेवढ्या वेळापुरती आपला नंबर विसरत.

घरातलं जेवण मात्र शांत झालं होतं. काकू जे वाढतील ते मालक पाण्याच्या घोटाबरोबर उतरवत आणि उठत. जिरं करपलं का, लसूण कधीची, काही नाही. मला वाटायचं, काकू सुटल्या. एकदा मी तसं गमतीने म्हणालोही. काकू म्हणाल्या, "भिंतीला वाढल्यागत वाटतंय."

तो रविवार उन्हाळ्यातला. मालक मला काकडी कापून देत होते. काकडीचा देठाकडचा शेंडा कापायचा, तो कापल्या जागी गोल गोल घासायचा, फेस आला की फेकायचा. कडूपणा निघतो म्हणतात. मालकांनी कापला, घासला आणि बोलता बोलता, फेकायच्या ऐवजी, चुकून तोंडात टाकला.

बोलणं थांबलं.

"मास्तर," ते म्हणाले. "ह्ये बगा."

त्यांनी अर्धा शेंडा तोंडातून काढून माझ्या हातावर ठेवला. आता माणूस कुणाकुणासाठी काय काय खातो! मी खाल्ला. जहर होता.

"कसा लागतोय?"

"तुम्ही आधी सांगा."

"कडू!" मालक ओरडले. रस्त्यावर खरोखरच काहीतरी थांबलं. "कडू हाय! लय कडू हाय!"

सुभेदार गोठ्यातून आले, पण या वेळी धावत नाही. कुंपणापलीकडे दोघं-तिघं उभी राहिली, पण पेढ्यांचं कुणी बोललं नाही. काकडीचा शेंडा कडू असतो हे लहान मुलालाही माहीत. गाजर गोड असतं, तसंच.

"दादा," सुभेदार हळू म्हणाले, "मागच्या टायमाला बी..."

मालक ऐकायला थांबलेच नाहीत. चिखलाच्या पायांनी, कोपरापर्यंतच्या हिरव्या हातमोज्यांनी ते थेट स्वयंपाकघरात घुसले. मागे सुभेदार, मागे मी. काकू गॅससमोर भाकरी थापत होत्या. शेजारी आमटी उकळत होती. मालकांनी एक हातमोजा दातांनी ओढून काढला, पळी बुडवली, तळहातावर चार थेंब घेतले, फुंकर मारली आणि चाटले.

डोळे मिटून उभे राहिले. सुभेदारांनी दाराची चौकट धरली.

"मीठ न्हाई," मालक म्हणाले.

सुभेदारांनी मान खाली घातली. काकूंच्या आमटीत मीठ नाही, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. परत तेच. परत ओला पुठ्ठा.

"अगं, मीठ न्हाई हिच्यात!" मालक घर हलवत ओरडले. "जराबी न्हाई! डाळ लागतीया, चिंच लागतीया, आन मीठ न्हाई!"

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"अजून घातलंच न्हाई," त्या म्हणाल्या.